उजव्या हातातलं घड्याळ

१

माझं तोंड गप्प बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी बाबांनी मला टकळी म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच चिकटलं. एवढी बोलकी बाई आवाजाच्या धंद्यात कशी पडली, असं लोक विचारतात. पडले नाही, बाबांनीच ओढली. ते आयुष्यभर साउंडवाले. आई लवकर गेली, त्यामुळे मी त्यांच्या मिक्सरखाली वायरींच्या वेटोळ्यांवर झोपून मोठी झाले. लग्न-बिग्न काही जमलं नाही. बाबा आणि मी, दोघांचं घर.

माझं काम सोपं करून सांगते. थिएटरातला आवाज एका पेटीतून येत नाही. पोटात घुमणारा खालचा आवाज जमिनीवरच्या मोठ्या पेट्या वाजवतात, त्यांना आम्ही सब म्हणतो. वरचा सगळा आवाज टांगलेल्या पेट्यांचा, ते टॉप. कुठला आवाज कुणी वाजवायचा हे ठरवणारी एक चपटी पेटी असते, तिचं नाव क्रॉसओव्हर. चाळणीसारखंच आहे ते. जाड वर राहतं, बारीक खाली पडतं, आणि चाळणीचं भोक केवढं ठेवायचं ते मी ठरवते. ते चुकलं तर एकच आवाज दोघं वाजवतात, नाहीतर कुणीच वाजवत नाही. मग गाणारा कितीही जीव तोडून गायला तरी लोक घरी जाताना म्हणतात, आज काही मजा नाही आली.

त्या दिवशी मी बाबांना सोबत कामावर नेलं, ते हौसेनं नाही. त्यांच्या कानात शिट्टी वाजते. लाउडस्पीकरच्या हॉर्नसमोर उभं राहून आयुष्य काढल्याचं बक्षीस. कुकरची शिट्टी होते तशी, फक्त खालचा गॅस बंद करायला कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. सवय काय डोंबलाची. झोप गेली, अन्नावरची वासना गेली, माणूस सुकत चालला. गेल्या महिन्यात गॅलरीचा कठडा धरून उभे होते. मी चहा घेऊन गेले, तर खाली बघत अगदी शांतपणे म्हणाले, "टकळे, ही एकदा बंद व्हायला हवी. कशीही."

त्यांचं ते 'कशीही' माझ्या छातीत जाऊन बसलं. तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नाही.

२

थिएटर जुनं होतं, पेट्या नव्या. मॅनेजरनं दार उघडून दिलं. गोलमटोल माणूस, कमरेला चाव्यांचा जुडगा, चालला की खुळखुळ. बोलण्यात माझ्या वरचढ, म्हणजे बघा.

"ताई, परवा कार्यक्रम आहे बरं का. तेवढं लक्षात असू द्या. मागच्या माणसानं आठवडा घातला आणि वर म्हणाला, हॉलच वाईट. हॉल कसा वाईट असेल हो? हॉल काय करतो? उभा असतो बिचारा."

मी मोजायचा माइक घेऊन मधोमध गेले. सगळ्या खुर्च्या घडीच्या. माणूस उठला की स्प्रिंगनं बसायचा भाग आपोआप वर जातो. रिकाम्या थिएटरात सगळ्या कशा शहाण्या मुलांसारख्या हाताची घडी घालून बसलेल्या असतात. मधल्या रांगेतली अगदी मधली खुर्ची तेवढी खाली होती.

"स्प्रिंग गेलीय तिची," मॅनेजर म्हणाला. "कितीदा बदलली. चार दिवस बरी राहते, पुन्हा खाली."

मी बसायचा भाग वर ढकलून पाहिला. स्प्रिंग चांगली ताठ होती. हात काढला तसा तो भाग सावकाश खाली आला. कुणी जपून बसतं तेवढा सावकाश. असेल बिजागरी घट्ट, असं म्हणून मी माइकचा स्टँड त्या खुर्चीसमोर लावला. नाहीतरी माप मधोमधच घ्यायचं असतं.

३

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. सब आणि टॉप जिथे एकमेकांच्या हातात आवाज देतात, ती जागा बरोबर जुळली की नाही हे आम्ही उलटं पाहतो. एकाची फेज मुद्दाम उलटी करतो. म्हणजे एक पेटी हवा पुढे ढकलते तेव्हाच दुसरी ती मागे ओढते. जुळणी अचूक असेल तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि त्या आवाजापुरता तिथे खड्डा पडतो. खड्डा जितका खोल, तितकं काम चोख. खोलात खोल खड्डा सापडला की फेज पुन्हा सुलटी करायची, झालं.

सुलटी करायची ती न विसरता. तरुणपणी बाबा एकदा विसरले आणि अख्खा कार्यक्रम पोकळ वाजला, फुटक्या मडक्यासारखा. तेव्हापासून त्यांचा नियम आहे: काही उलटं केलं की घड्याळ डाव्या हातातून काढून उजव्यात घालायचं. दिवसभर ते टोचत राहतं. सुलटं केलं की परत डाव्यात. मला त्यांनी अक्षरओळख करून दिली त्याच्या आधी हे शिकवलं असेल.

मी घड्याळ उजव्या हातात घातलं. शेजारी उभ्या असलेल्या बाबांनीही मुकाट्यानं स्वतःचं उजव्यात घातलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण हाताची खोड कुठे जाते?

शेजारच्या खुर्चीत बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी नव्वद हर्ट्झच्या आसपासचा जाड सूर लावला आणि क्रॉसओव्हर एकेक पाऊल सरकवू लागले. लॅपटॉपच्या पडद्यावरची आवाजाची रेघ खचू लागली. छान. आणखी खचली. मग आणखी. साधारणपणे ती एका ठिकाणी थांबते, कारण एसीची घरघर, बाहेरची वाहतूक, काहीतरी खाली उरतंच. ही थांबेना. मी सरकवणं बंद केलं तरी ती खालीच जात राहिली. शेवटी पडद्याच्या खालच्या कडेतून दिसेनाशी झाली.

माइक मेला असणार, दुसरं काय? मी टाळी वाजवली. रेघ हलली नाही. वायर तपासायला वाकले आणि खुर्चीवर हात टेकला, तेव्हा मॅनेजरच्या चाव्यांचा आवाज बंद झाला. तो समोरून चालत येत होता, जुडगा हलताना दिसत होता, तोंडही सुरू होतं. हात उचलला आणि खुळखुळ परत आली.

४

"बाबा, जरा इथे बसा बरं," मी म्हणाले. मला दुसऱ्या कानांची साक्ष हवी होती. त्यांचे कान बिघडलेले असले तरी माझ्यापेक्षा खरे.

ते बसले आणि त्यांचा चेहरा बदलला.

तो चेहरा मी कसा सांगू? खूप वर्षं डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचं ओझं कुणी न विचारता उतरवून घेतलं, तर तो आधी चाचपूनच बघेल. बाबांनी दोन्ही कानांवरून हात फिरवले. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडं होतं. आमच्या धंद्यात स्टेजवरून मिक्सरपर्यंत ओरडून चालत नाही, खुणा असतात. तळवा वर म्हणजे वाढव, तळवा खाली म्हणजे कमी कर. बाबांनी मूठ मिटून हवेत धरली. मूठ म्हणजे बंद.

शिट्टी बंद झाली होती.

माझं डोकं लगेच हिशोबाला लागलं. बाबांची शिट्टी अगदी वरची, डासाच्या गुणगुणीच्या पट्टीतली. मी काम करत होते पार तळाशी. दोघांचा संबंध गावच्या पाटलाचा आणि चंद्राचा असतो तेवढा. शिवाय ती शिट्टी हवेत नाहीच, ती त्यांच्या डोक्यात आहे. पेट्या डोक्यातलं कसं खाणार? हे सगळं मला माहीत होतं. समोर माझा बाप खुर्चीत बसून सुखानं रडत होता, तेही दिसत होतं.

थोड्या वेळानं मी त्यांना उठवलं, म्हटलं मला बघू द्या. उठताना त्यांनी लहान मुलासारखं तोंड केलं. शिट्टी परत आली असणार.

मी बसले. आधी एसीचा आवाज गेला. मग माझा श्वास गेला, मग कानातली ती नेहमीची धडधड, जी आपली आहे हेही आपल्याला ठाऊक नसतं. काहीच उरलं नाही. आणि त्याच्याही खाली ऐकू आलं.

भरलेल्या थिएटरची शांतता रिकाम्या थिएटरपेक्षा वेगळी असते. हे आम्हा लोकांना डोळे मिटून कळतं. पडदा वर जायच्या आधी एक क्षण येतो. शेकडो माणसं खोकणं थांबवतात, कपड्यांची सळसळ थांबते आणि सगळे मिळून एक श्वास धरतात. त्या क्षणासाठी मी हा धंदा करते. ते ऐकू आलं. फक्त हे थिएटर लहानसं, आणि ती गर्दी त्यात मावणारी नव्हती. ती मागच्या भिंतीच्या मागे होती, जमिनीच्या खाली होती, रांगांमागे रांगा, आणि शेवटची रांग कुठे ते ऐकूच येत नव्हतं. सगळे गप्प बसून ऐकत होते.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. असं वाटलं की आयुष्यभर आपण जे आवाज केले ते सगळे कुणीतरी नीट कान देऊन ऐकलेत, एकही वाया गेला नाही. मी उठले. मागे वळून पाहिलं, तर मागच्या रांगांतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या, घडी घालून उभ्या होत्या.

५

"बसू दे ना मला अजून थोडं," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी कशी नाही म्हणणार? ते बसले, डोळे मिटले आणि बघता बघता झोपले.

मी मिक्सरपाशी बसून त्यांच्याकडे बघत राहिले. एवढ्यात मॅनेजर आला. "ताई, कार्यक्रमवाली मंडळी आलीयत बाहेर. म्हणतायत, एकदा वाजवून दाखवा. दाखवता का पटकन? नाहीतर माझं डोकं खातील."

माझी चूक इथे झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला ती करता आली नसती. खड्डा सापडला होता, माप चोख होतं, मी सवयीनं बटण दाबलं आणि फेज सुलटी केली. घड्याळ काढून डाव्या हातात घातलं. गाणं लावलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या, मॅनेजर म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं? हॉल चांगलाच आहे."

बाबा तेव्हा खुर्चीतच होते. गाणं संपल्यावर ते उठून हसत हसत माझ्याकडे आले. कार्पेटवरून येत होते म्हणून मला त्यांची चाहूल लागली नसेल, असं मला वाटलं. पण दाराबाहेर फरशी होती, आणि त्यांच्या चपला तिथेही वाजल्या नाहीत.

६

घरी आल्यावर ते बोलायला लागले. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नव्हता. घसा बसला असेल म्हणून मी गरम पाणी दिलं. त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. पेला वाजला नाही. नळ सोडला, पाण्याची धार पडताना दिसली, पण ऐकू आली नाही. ते बाजूला झाले आणि नळ धो धो वाजायला लागला.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. घड्याळ उजव्याच हातात होतं.

काय झालंय ते मला कळलं. पेट्या सुलट्या झाल्या होत्या, बाबा उलटेच राहिले होते. तसं होऊच शकत नाही, हेही मला कळत होतं. दोन्ही गोष्टी घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले.

शिट्टी गेली ती गेलीच. ते जेवायला लागले, गालांवर रंग आला. झोप तर अशी की सकाळी हलवून उठवावं लागे. यासाठी मी काय काय नवस बोलले होते, आणि आता माझं मन आनंद मानायला तयार नव्हतं. कारण त्यांना इकडचं ऐकू येणंही कमी होत चाललं होतं. पहिल्या दिवशी माझं बोलणं नीट कळायचं. मग मला ओरडावं लागलं. मग ओरडूनही उपयोग होईना. ते किनाऱ्यावरून निघालेल्या होडीत बसल्यासारखे दूर जात होते, आणि होते माझ्या समोरच्या खुर्चीत.

एका दुपारी त्यांनी मला काहीतरी गंमत सांगितली. बाबांचे विनोद मला तोंडपाठ आहेत, हाताच्या हालचालीवरून कळलं की तो तबलजीचा असणार. सांगून झाल्यावर ते स्वतःच हसले आणि माझ्या हसण्याची वाट बघत थांबले. मी हसले. पण थोडी उशिरा हसले, आणि त्यांना माझं हसू ऐकू आलं नाही. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे कान दिला. तिकडचं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. चेहऱ्यावर पडदा उघडायच्या आधीचं ते कुतूहल होतं.

ज्या माणसासाठी मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं होतं, तो कठड्याशिवायच निघून चालला होता.

७

हिशोब सोपा होता. ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं परत आणायचं. त्यांना त्या खुर्चीत बसवायचं आणि फेज पुन्हा एकदा फिरवायची. शिट्टी परत येईल. येऊ दे, मी रात्रंदिवस उशाशी बसेन.

कार्यक्रम होऊन गेला होता. सकाळी मॅनेजरला फोन केला, म्हटलं थोडं बारीक काम राहिलंय. "या की," तो म्हणाला. "कार्यक्रम झकास झाला. फक्त एक गंमत बघा, लोकांनी टाळ्या वाजवायला सगळीकडेच जरा वेळ लावला. सगळे आधी थोडे गप्पच बसले. मला वाटलं, आवडलं नाही की काय."

बाबा आनंदानं आले. मधल्या खुर्चीपाशी पोहोचल्यावर मी त्यांना खूण केली, बसा. त्यांनी माझ्या हातातला लॅपटॉप पाहिला. मग स्वतःचं उजवं मनगट. ते साउंडवाले, त्यांना काय सांगायचं? मी बोट त्यांच्या घड्याळावर ठेवून डाव्या हाताकडे नेलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

मी भांडले. रडले. जे जे सुचलं ते बोलले, म्हटलं तुम्ही एकटे कुठे निघालात, मला कुणाच्या भरवशावर टाकून. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडावर हलकेच हात ठेवला, तसा माझा आवाज मलाही ऐकू येईना. मग ते मधली खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीत बसले. आणि मधल्या खुर्चीवर हातानं थापटलं. लहानपणी कार्यक्रमाला गेलो की मला शेजारी बसवायला थापटायचे, तसं.

मधली रिकामी खुर्ची माझ्यासाठी खाली होतीच.

मी विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दोन उलट्या पेट्या एकमेकींना खात नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. एक सुलटी आणि एक उलटी असली की खड्डा पडतो. दोघी उलट्या असल्या, तर एकमेकींशी अगदी बरोबर असतात. बाकी जगाशी काय ते जगानं बघावं. पण बोलायचं बंद होणार, माझं, टकळीचं. दुकानदाराशी घासाघीस नाही, मॅनेजरशी वाद नाही. मी त्या पोकळ हॉलकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावर नजर लावली होती आणि हात माझ्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला होता.

मी घड्याळ काढून उजव्या हातात घातलं. बसले. नव्वदचा सूर लावून फेज उलटी केली. एसी गेला, श्वास गेला, धडधड गेली. खालून ती अफाट गर्दी वर आली, आणि या वेळी मी ती बाहेरून ऐकत नव्हते. मी रांगेत होते.

मग बटण दाबून पेट्या सुलट्या केल्या. घड्याळाला हात लावला नाही.

"बाबा?" मी म्हणाले. माझा आवाज मला खणखणीत ऐकू आला. "बाबा, ऐकू येतंय का? मी तुम्हाला किती दिवस काय काय सांगायचं ठेवलंय, आधी तो नळ, मग तो तबलजीचा विनोद, मी हसले होते हो, तुम्हाला कळलं नाही—"

"हळू, टकळे," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "सगळे ऐकतायत."

८

निघताना मॅनेजर दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, काम झालं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग आमच्या मागे, आत बघून कपाळावर हात मारला. मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी खाली होत्या.

आता घरात आम्ही दोघं पोटभर बोलतो. बाहेरचं मला अजून थोडं थोडं ऐकू येतं, रोज जरा कमी. म्हणून जोवर तुमची आठवण आहे तोवर हे लिहून काढलं. तोंडानं सांगितलं असतं, तर तुमच्यापर्यंत पोहोचलं नसतं.

घड्याळ मनगटाला टोचतं अजून. बाबा म्हणतात, होईल सवय.